हातचा आणि मोड

चिनूची वही मामांच्या मांडीवर उघडी होती आणि त्यांचं बोट एका वजाबाकीवर टेकलं होतं. बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस. मांडणी सुबक, रेघ पट्टीने मारलेली आणि उत्तर दहाने चुकलेलं.

"हे कसं काढलंस गं?" मामांनी विचारलं.

चिनूने उत्तर दिलं नाही. तिने खोडरबर उचललं आणि पस्तीस खोडायला लागली.

मे महिन्यातली दुपार, मिरजेचं घर. मामा जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षं शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आता ऐंशीचे आहेत. मीही प्राथमिक शाळेतच शिकवते. आमचं दोघांचं गणितावरून जमत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुपारी सुरुवात त्या खोडरबरापासून झाली.

"बघितलंत मामा? तुम्ही नुसतं 'कसं काढलंस' विचारलंत, आणि ती खोडायला लागली."

"चुकलंय म्हणून खोडतेय."

"चुकलंय हे तिला माहीत नव्हतं. आपण मास्तर लोक 'कसं काढलंस' हे फक्त उत्तर चुकल्यावर विचारतो. बरोबर आलं की शेरा मारून पुढे. त्यामुळे मुलांना त्या प्रश्नाचा अर्थ एकच कळतो, की खोड आता."

"बरं, तो मुद्दा मान्य. पण चूक का झाली ते मी न विचारता सांगतो. हातचा विसरली. सराव नाही. आमच्या वेळी अशा पन्नास वजाबाक्या घालायचो, एक्कावन्नावी चुकायची नाही."

मी चिनूला जवळ घेतलं आणि म्हटलं, उत्तर खोडू नकोस, मला फक्त सांग. ती हळूच म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत. लहानातून मोठं जात नाही. मग सातातून दोन घालवले, पाच. आणि पाचातून दोन, तीन."

मला हे ऐकून वाईट वाटलं, कारण 'लहानातून मोठं जात नाही' हे वाक्य माझं आहे. बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना मी ते कित्येक वर्षं वर्गात म्हणत आले. पोरीने ते चोख पाठ केलं आणि प्रामाणिकपणे पाळलं. मामांना मी हेच म्हटलं, "तिने काही विसरलेलं नाही. तिने नियम लक्षात ठेवला, म्हणून ती चुकली. अशा पन्नास घातल्या असत्या तर पन्नासही तिने अशाच काढल्या असत्या, आणि ती सवय मोडायला वर्ष गेलं असतं."

"मग तू काय करणार? पुन्हा नियमच सांगणार ना, की दशकाकडून एक घे."

"नियम नाही सांगणार. दुकान मांडणार."

कपाटातल्या डब्यातून दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी काढली. मामांना म्हटलं, तुम्ही दुकानदार. चिनूला म्हटलं, आजोबांच्या दुकानात सत्तावीस रुपयांची खरेदी केलीस, पैसे दे. चिनूने दोन नोटा दिल्या, वीस झाले. मग हातातली दोन नाणी पाहिली, सात हवेत. क्षणभरसुद्धा न थांबता तिने एक नोट पुढे केली आणि म्हणाली, "आजोबा, ही मोडून द्या."

मोडून द्या. हा शब्द मी तिला दिला नव्हता. नोट मोडणं, मोड घेणं, सुट्टे करणं हे ती किराणा दुकानात रोज ऐकते. मामांनी डब्यातून दहा नाणी मोजून दिली. आता तिच्याकडे नोटा दोन आणि नाणी बारा. सात दिली, पाच उरली. "वीस आणि पाच, पंचवीस," ती म्हणाली, आणि मग वहीकडे बघून म्हणाली, "मग पस्तीस कसे राहतील? पन्नासातले वीस दिले तरी तीसच राहतात, आणि मला तर अजून सात द्यायचे होते."

ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. उत्तर येण्याआधीच ते साधारण किती यायला हवं याचा अंदाज मुलाला बांधता आला, तर चुकलेलं उत्तर त्याला स्वतःलाच खटकतं. मग बाईंच्या लाल पेनाची वाट बघावी लागत नाही.

मामा गप्प होते. मग म्हणाले, "पण मी असं करत नाही. मी नोट मोडत नाही."

"तुम्ही कसं करता?"

"बारातून सात गेले पाच, हातचा एक. खाली दोन आणि हातचा एक, तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस."

"खालचे दोन तीन का झाले?"

"हातचा मिळवला."

"वरच्या पाचातून एक काढायचा सोडून खालच्या दोनात मिळवला? का?"

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. "तसंच करतात," ते म्हणाले. मग स्वतःलाच ते आवडलं नसावं, कारण पुन्हा म्हणाले, "छत्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. का ते कुणी विचारलं नाही, मीही नाही."

त्यांच्या रीतीत खोट नाही, उलट ती देखणी आहे. वरच्या बावन्नात दहा सुट्टे टाकले, खालच्या सत्तावीसात एक दशक टाकला. दोन्हीकडे दहाच वाढले, म्हणून मधलं अंतर तेच राहिलं. मी चिनूला विचारलं, तू आठ वर्षांची, आजोबा ऐंशीचे, अंतर किती? बहात्तर. दहा वर्षांनी? तिने बोटांवर नव्वद आणि अठरा केले, अठरातून पुढे नव्वदपर्यंत मोजत गेली आणि म्हणाली, "बहात्तरच! मी मोठी झाले की आजोबापण मोठे होतात."

मामा म्हणाले, "हे मला तिसरीत कुणी सांगितलं असतं तर." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

पण ते इतक्यात हार मानणारे नाहीत, आणि त्यांनी मानूही नये. चहा झाल्यावर त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली.

"तुझी नोट मोडायची गंमत बावन्नापुरती ठीक आहे. पण या 'समजून घ्या' म्हणणाऱ्यांचं काय होतं मला माहीत आहे. आधी समज म्हणतात, मग भाषाच बदलायला निघतात. आठवतंय ना ते वीस एक, वीस दोन?"

आठवत होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांबरोबर वीस एक, वीस दोन अशी संख्यावाचनाची रीत आली आणि राज्यभर गदारोळ झाला. विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. ज्यांनी 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहून गणिताला घाबरणाऱ्यांचा हात धरला, त्या विदुषीची चार दिवस थट्टा झाली. मला त्याचं आजही दुःख वाटतं.

"मामा, नारळीकर बाई भाषा मोडायला निघाल्या नव्हत्या. त्या रोज वर्गात दिसणारी गोष्ट सांगत होत्या. आत्ता चिनूचं उत्तर काय आलं? पंचवीस. कानाला आधी काय ऐकू येतं? पंच. मग वीस. लिहायचं मात्र आधी दोन, मग पाच. दुसरीतलं मूल जसं ऐकतं तसं लिहितं आणि पंचवीसचे बावन्न होतात. त्रेसष्टचे छत्तीस होतात."

"होतात. पण महिन्या-दोन महिन्यांत ते सरळ होतं."

"सगळ्यांचं होत नाही. आणि तुम्ही तर सीमेवर नोकरी केलीत. जतच्या बाजूला कन्नड शाळा आहेत. कन्नडमध्ये पंचवीसला काय म्हणतात?"

"इप्पत्तैदु." मामांना कन्नड चांगलं येतं. ते बोलले आणि त्यांच्याच लक्षात आलं. "इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. वीस पाच."

"म्हणजे बांधापलीकडचं पोर जसं ऐकतं तसंच लिहितं. आपल्या पोराला शंभरापर्यंतची बहुतेक नावं एकेक करून डोक्यात बसवावी लागतात आणि वर उलटं लिहावं लागतं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही वजाबाकीची नावं."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. "तू म्हणतेस ते खरं असेल. पण माझी आई अंगठेबहाद्दर होती. तिला लिहिता येत नव्हतं, पण त्रेसष्ट म्हणजे किती हे तिला ठाऊक होतं. अडीच, पाऊणशे, साडेतीनला औट हे शब्द तिच्या तोंडात होते. शाळेत मूल साठ तीन म्हणायला लागलं आणि घरी आजी त्रेसष्ट म्हणाली, तर त्या मुलाच्या मनात आजी चुकीची ठरेल."

मी वर्गात दोन्ही नावं वापरते. काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, मुलांनी म्हणायचं साठ आणि तीन, त्रेसष्ट. आजीचा शब्द जायला नको, पण त्या शब्दाच्या पोटात सहा गठ्ठे दिसायला हवेत. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पुस्तकात तसं लिहायचं ना." मला वाटतं पुस्तकाचाही हेतू त्याहून फार वेगळा नव्हता.

पाढ्यांवर मात्र आम्ही दोघं खऱ्या अर्थाने भिडलो.

मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. मामांनी सांगितलं, "पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं त्यांना मुखोद्गत. अडीच आणे शेराचा माल, सात शेर. ते लिहायचे नाहीत. सात अडीच साडेसतरा, सोळा आण्यांचा रुपया, एक रुपया दीड आणा. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत हिशेब झालेला. ही पाठांतराची ताकद आहे. तुम्ही लोकांनी ती घालवलीत."

"आम्ही नाही घालवली मामा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेर जाऊन किलो आले. पाव, अर्धा, पाऊण यांच्यावर चाललेला सगळा व्यवहार शंभरावर आला. आजोबांची औटकी रोजच्या कामाची होती. दिवसातून दहा वेळा ती वापरली जायची, म्हणून ती जिवंत होती. काम गेलं आणि पाठांतर तेवढं मागे राहिलं, तर मुलाला ते कशाला पाठ करायचं ते कळत नाही."

"कामाचं म्हणतेस? मग भागाकाराचं बघ. मांडलाय भागाकार, मधे आठ सत्ते अडलं. पोरगं बोटं मोजायला लागतं. मोजून परत येईपर्यंत भागाकारात आपण कुठे होतो तेच विसरतं. समज आहे, पण पाढा नाही म्हणून बुडालं. २०२२ च्या 'असर' पाहणीत काय आलं? ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चौथाई मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. हे तुमच्या समजून घेण्याचं फळ!"

भागाकाराचं त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केलं. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. सात अठ्ठे आपोआप आलं तर उरलेलं डोकं भागाकाराला मोकळं राहतं. पाढे यायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'असर'चं खापर समजेवर फोडायला माझी तयारी नव्हती. "मामा, ज्या मुलांना भागाकार येत नाही, त्यांच्या शाळेत काय चालतं ते तुम्ही जाऊन ऐका. अजूनही सगळा वर्ग एका सुरात बे एके बे म्हणतोय. समजावून शिकवणं अजून फारशा वर्गांत पोचलेलंच नाही, तर त्याचं फळ कुठून येणार?"

मग मी त्यांना ब्राझीलची गोष्ट सांगितली. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं, मका विकणाऱ्या मुलांचा तिथल्या संशोधकांनी अभ्यास केला. तो १९८५ साली छापून आला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, नारळ पस्तीस क्रुझेरोला एक, मग दहा नारळांचे किती? त्याने तोंडी हिशेब केला. तीन नारळांचे एकशे पाच. आणखी तिनांचे मिळवून दोनशे दहा. आणखी चार हवेत. मग तीनशे पंधरा, आणि शेवटचा एक, तीनशे पन्नास. अशा हिशेबांत या मुलांची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली, शंभरात अठ्ठ्याण्णव. नंतर त्याच आकड्यांची उदाहरणं कागदावर शाळेसारखी मांडून दिली, तेव्हा शंभरात सदतीसच्या आसपासच बरोबर आली.

मला वाटलं, आता मामा निरुत्तर होतील. ते म्हणाले, "त्या पोराला दहाने गुणायला पुढे शून्य द्यायचं हे पाठ असतं, तर एवढा वळसा पडला नसता."

"शून्य द्यायचं हे शाळेत शिकवतातच. पण त्याच्यासाठी ते शाळेतलं होतं, नारळांशी त्याचा संबंध कुणी लावून दिला नव्हता."

"म्हणजे दोन्ही वाया. शाळेतलं बाजारात नाही, बाजारातलं शाळेत नाही."

"हेच तर मी म्हणतेय."

"नाही, तू म्हणतेस की त्याला समज होती. मी म्हणतो त्याला समज होती पण वेग नव्हता. दुकानात गर्दी असती तर गिऱ्हाईक गेलं असतं."

तेही खरंच होतं. मी शेंगांचा डबा आणला. बोलण्यापेक्षा करून दाखवणं बरं. चिनूने जमिनीवर आठ-आठ शेंगांच्या सात ओळी लावल्या. मी विचारलं, किती? ती म्हणाली, सात अठ्ठे येत नाही मला. मी म्हटलं, पाच ओळी किती? "पाच अठ्ठे चाळीस." उरलेल्या दोन? "सोळा. छप्पन्न." मग मी तिला उठून खोलीच्या दुसऱ्या बाजूला जायला सांगितलं. तिथून तिने पाहिलं आणि म्हणाली, "इकडून सात-सातच्या आठ ओळी आहेत." शेंगा त्याच, एकही हलवलेली नाही. सात अठ्ठे आणि आठ सत्ते हे दोन पाढे नाहीत, एकच गोष्ट आहे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"आता मामा, तुमच्या रीतीने म्हणायला लावा. दहा वेळा, वीस वेळा. मी अडवणार नाही. पण उद्या विसरली, तर परत यायची वाट तिच्याकडे आहे. नुसतं पाठ केलेलं मूल विसरलं की थेट छताकडे बघतं."

मामा शेंगांकडे बघत होते. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एकोणिसाचा पाढा कधीच पाठ नव्हता."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. लहानपणी आम्ही सगळी भावंडं मामांच्या तिसापर्यंतच्या पाढ्यांना घाबरून होतो.

"विसाचा यायचा. एकोणीस सत्ते आलं की मनात म्हणायचो, वीस सत्ते चाळीसासे, म्हणजे एकशे चाळीस, त्यातून सात गेले, तेहेतीसासे. एकोणीस अठ्ठे, साठासे, त्यातून आठ गेले, बावन्नासे. एकोणतीसचाही तसाच, तिसावरून. आमच्या मास्तरांच्या एकदा लक्षात आलं, कारण मी प्रत्येक वेळी इवलासा थांबायचो. म्हणाले, चोरी करतोस, पाढा पाण्यासारखा वाहिला पाहिजे. छडी बसली. मग मी थांबणं दिसणार नाही इतका वेग आणला. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

"मामा, ही चोरी नव्हती. वर्गात तेवढं एक गणित चाललं होतं."

"ते आता तू म्हणतेस." त्यांनी एक शेंग उचलली, पुन्हा ओळीत ठेवली. "पुढे मी मास्तर झालो. कोण थांबतंय ते मला बरोबर कळायचं. मी त्यांना उभं करायचो. छडी नाही मारली, पण उभं करायचो. त्यातली किती पोरं मनात माझ्यासारखंच करत असतील."

यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्या वर्गातही असे चेहरे मला आठवत होते. उत्तरासाठी हात वर न करणारे, ओठ हलवत छताच्या जरा खाली कुठेतरी बघणारे. मी त्यांना मंद समजत आले.

चिनू मात्र कान टवकारून ऐकत होती. "आजोबा, मग एकोणतीस सत्ते?"

"तीस सत्ते किती?" मामांनी विचारलं, आणि या वेळी ते थांबले. तिला वेळ दिला.

"दोनशे दहा. त्यातून सात. दोनशे तीन."

"सात का काढलेस? एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मग एक काढायचा ना?"

ती गोंधळली. शेंगांच्या ओळी बघितल्या. मग प्रत्येक ओळीच्या टोकाची एकेक शेंग उचलत गेली. सात ओळी, सात शेंगा. "प्रत्येक ओळीतली एक कमी," ती म्हणाली. मग, अजून शेंगा मुठीत असताना, "आणि नव्व्याण्णव सत्ते? सातशेतून सात. सहाशे त्र्याण्णव!"

नव्व्याण्णवचा पाढा या घरात कुणीच कधी म्हटला नव्हता.

"आजोबा," ती म्हणाली, "एकोणतीस म्हणतो, एकोणऐंशी म्हणतो, एकोणनव्वदपण म्हणतो. मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "छत्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. मग वहीचं कोरं पान काढून त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. "एक्याण्णवपासून सगळी नावं लिही बघू. अक्षरांत लिही, आकड्यांत नको. आणि मोठ्याने म्हणत लिही."